गाय वारंवार उलटते? रेतनापूर्वी ‘व्हाइट साइड’ चाचणी करून घ्या

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, सोट काचेसारखा स्वच्छ दिसतो, तरीही तीन-चार वेळा रेतन करून ती उलटते. अशा गाईत गर्भाशयाचा छुपा दाह असू शकतो. यात पू दिसत नाही. पण गर्भाशयाच्या अस्तराला सूज असल्याने गर्भ टिकत नाही. प्रत्येक उलटलेल्या माजामागे तीन आठवडे वाया जातात आणि दोन वेतांतील अंतर वाढते. हा दाह ओळखण्याची सोपी, कमी खर्चाची चाचणी गोठ्यातच करता येते.

चाचणी कशी करतात?
दाह असल्यास सोटात पांढऱ्या पेशी वाढतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात त्या तापवल्या की पिवळा रंग येतो.
- गाय माजावर असताना, रेतनापूर्वी पशुवैद्यकाकडून चाचणी करून घ्यावी.
- निरण धुऊन, पुसून निर्जंतुक नळीने आतील सोट घ्यावा. जमिनीवर पडलेला सोट चालत नाही.
- परीक्षानळीत १ मि.लि. सोट व १० टक्के कॉस्टिक सोड्याचे १ मि.लि. द्रावण मिसळून उकळी येईपर्यंत तापवावे. थंड झाल्यावर रंग पाहावा.

रंगाचा अर्थ
- रंग नाही : दाह नाही
- फिकट पिवळा : सौम्य दाह
- पिवळा : मध्यम दाह
- गडद पिवळा : तीव्र दाह

पुढे काय करावे?
- पिवळा रंग आल्यास त्या माजात रेतन टाळावे. उपचारानंतर पुढील माजात पुन्हा चाचणी करून, रंग न आल्यासच रेतन करावे.
- चाचणी दाह दाखवते, जंतू कोणता ते सांगत नाही. उपचारांना दाद न मिळाल्यास सोट प्रयोगशाळेत तपासून प्रतिजैविक ठरवावे. औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या कालावधीतील दूध विकू नये.
- रंग न आल्यास गर्भाशयात विनाकारण औषध सोडू नये. रेतनाची वेळ, खनिज मिश्रण व आहार तपासावा.

महत्त्वाचे : कॉस्टिक सोड्याने त्वचा व डोळ्यांना इजा होते, हातमोजे, चष्मा वापरावा. विल्यानंतर दुर्गंधीयुक्त स्राव, ताप किंवा जार अडकणे दिसल्यास चाचणीची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे.