लेखी उत्तर मंत्र्याला बांधून ठेवते

अधिवेशन सुरू झाले की दूरचित्रवाणीवर आपल्याला दिसतो तो गदारोळ. फलक, घोषणा, अध्यक्षांच्या आसनासमोर धावलेले सदस्य आणि मग तहकुबी. त्याच दिवशी शेकडो प्रश्नांची लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, आणि त्यांतल्या फार थोड्यांची बातमी होते. म्हणून लेखी प्रश्न म्हणजे कागदी सोपस्कार, असे चांगल्या जाणत्या माणसांनाही वाटते. सरकारला जाब विचारण्याच्या साधनांपैकी एक धारदार साधन आपण अशा रीतीने स्वतःच बोथट मानून बसलो आहोत.

‘जाब तोंडी विचारला तरच तो जाब’

लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. पण प्रश्नोत्तराच्या तासात तारांकितांपैकीही मोजकेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरे लेखीच येतात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत वीसच्या वीस तारांकित प्रश्न तोंडी घेतले गेले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडले म्हणून त्याची बातमी झाली. थोडक्यात, सरकारने संसदेला दिलेल्या उत्तरांचा फार मोठा भाग पहिल्यापासून लेखीच आहे. आणि गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाया गेला, तरी ही उत्तरे वाया जात नाहीत. ती पटलावर ठेवली जातात, छापली जातात.

तोंडी उत्तरात मंत्री वेळ मारून नेऊ शकतात, हशा पिकवू शकतात, विरोधकांच्या राजवटीकडे बोट दाखवू शकतात. लेखी उत्तराला किमान १५ दिवस आधी सूचना गेलेली असते. त्या काळात विभागातला कक्ष अधिकारी फाइल काढतो, जिल्ह्याकडून माहिती मागवतो, मसुदा सचिवांपर्यंत चढतो आणि मंत्र्यांच्या मान्यतेने बाहेर पडतो. घाईत जीभ घसरली, ही सबब तिथे चालत नाही. उत्तर चुकले तर मंत्र्यांना दुरुस्तीचे निवेदन करावे लागते, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली असेल तर हक्कभंगाचा मार्ग सदस्याला खुला असतो.

प्रश्नांची भीती इंग्रज सरकारलाही होती. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उपप्रश्न विचारायची मुभा नव्हती. ती १९०९ मध्ये आली, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरतीच.

‘“हे खरे नाही” म्हटले की प्रश्न संपला’

महाराष्ट्र विधानमंडळातल्या प्रश्नांचा साचा ठरलेला आहे. समजा, एखाद्या तालुक्यातली नळपाणी योजना रखडली आहे. आमदाराचा प्रश्न साधारण असा येतो: (१) अमुक योजनेचे काम अमुक वर्षापासून अपूर्ण असल्याचे माहे जून मध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर येते: (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) कंत्राटदारास नोटीस बजावण्यात आली असून काम प्रगतीपथावर आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

या चार ओळी वरवर कोरड्या वाटतात. पण ‘अंशतः खरे आहे’ ही शासनाने दिलेली कबुली आहे. तक्रारीतला किती भाग मान्य आणि किती अमान्य, हे पुढच्या उपकलमांतून उलगडते. नोटीस बजावली म्हटले, तर ती कधी, कोणत्या मुदतीची, दंड झाला का, हे पुढच्या अधिवेशनात विचारता येते. स्थानिक पत्रकार आणि गावातले कार्यकर्ते हे उत्तर हातात घेऊन पंचायत समितीत जाऊ शकतात. उलट, प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच येणार. योजनेचे नाव, वर्ष, गाव, रक्कम यांतले काहीच नसेल, तर विभागाला ‘हे खरे नाही’ लिहून मोकळे होता येते. सरकार उत्तर टाळते, ही तक्रार बऱ्याचदा रास्त असते. पण टाळता येईल असा प्रश्न कोणी लिहिला, हेही पाहिले पाहिजे.

‘माहिती उपलब्ध नाही, म्हणजे हाती काहीच आले नाही’

माझ्या मते सगळ्यांत घातक गैरसमज हाच आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या कारणाने संसदेच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. विरोधानंतर लेखी प्रश्न तेवढे राहिले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असे लोकसभेत विचारले गेले. १४ सप्टेंबरला श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर आले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याआधी चारच महिने, ८ मे रोजी, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले होते. ते सगळ्या देशाने पाहिले होते. सरकारने मोजणी केलेली नाही, हे सरकारच्याच तोंडून अधिकृतपणे नोंदले गेले. कुठल्याही आरोपापेक्षा ते जड होते.

गोष्ट इथे संपत नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत प्रश्न रेल्वे मंत्रालयाला गेला आणि तो फक्त श्रमिक विशेष गाड्यांपुरता होता. उत्तर आकड्यात आले: ९ सप्टेंबरपर्यंत त्या गाड्यांत ९७ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. नेमका प्रश्न, नेमक्या खात्याला. ज्याच्याकडे नोंद असते त्यालाच विचारले, तर ‘माहिती नाही’ म्हणणे अवघड होते.

२० जुलै २०२१ चे उत्तरही असेच वाचावे लागते. ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यसभेला लेखी सांगितले. उत्तर देणाऱ्या राज्यमंत्री भारती पवार दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिक जिल्ह्यात, नाशिक शहरातल्या रुग्णालयात तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. उत्तरातले शब्द काळजीपूर्वक निवडलेले होते. मृत्यू झाले नाहीत असे ते म्हणत नव्हते, राज्यांनी तसे कळवले नाही एवढेच म्हणत होते. संताप उसळला आणि त्यानंतर केंद्राने राज्यांकडे ही माहिती मागवली. एका लेखी उत्तराने एवढे झाले.

‘ज्याचे प्रश्न जास्त, तो खासदार चांगला’

हे अर्धसत्य आहे. कोणाचा प्रश्न यादीत लागेल हे सोडतीवर ठरते, मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारत नाही, आणि एकाच मजकुराचे प्रश्न पाच खात्यांना पाठवूनही संख्या फुगवता येते. संख्येपेक्षा पाठपुरावा पाहावा: एकाच विषयावर तीन अधिवेशने प्रश्न आले आहेत का, आधीच्या उत्तराचा धागा पुढच्या प्रश्नात आहे का.

प्रश्न विकलेही गेले आहेत. मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल १९५१ साली एच. जी. मुदगल यांना संसद सोडावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये याच कारणाने ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते. प्रश्नाला किंमत नसती, तर तो विकत घ्यायला कोणी गेले नसते.

‘उत्तर आले, विषय मिटला’

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ ही वाक्ये टोलवाटोलवीची वाटतात. नियमांच्या दृष्टीने ती आश्वासने आहेत. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून अशा वाक्यांची नोंद ठेवते, आणि मंत्रालयाने तीन महिन्यांत पूर्तता करावी अशी अपेक्षा असते. मुदतवाढी मागितल्या जातात, वर्षे लोटतात, हे खरेच. तरी आश्वासन यादीवरून आपोआप उडत नाही. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. शिवाय असमाधानकारक उत्तरावर अर्धा तास चर्चा मागता येते.

चिकाटी असेल तर प्रश्न कुठवर जातो, हे १९५७ साली दिसले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर लोकसभेत प्रश्न आले. सरकारी उत्तरांनी समाधान झाले नाही, आणि खासदार फिरोज गांधींनी १६ डिसेंबरला सभागृहात सगळे प्रकरण मांडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

ही सगळी उत्तरे कुणा खास माणसांसाठी नाहीत. संसदेच्या आणि महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळांवर ती वाचता येतात. आपल्या खासदार-आमदारांनी गेल्या अधिवेशनात काय विचारले ते एकदा काढून पाहा. काहीच विचारले नसेल, तर योजनेचे नाव, वर्ष, गाव आणि खाते लिहून प्रश्नाचा मसुदा तुम्हीच त्यांच्याकडे पाठवा, आणि उत्तर आले की पुढच्या अधिवेशनासाठी दुसरा पाठवा.