गादी सरकत नाही

आमच्या नळाला पहाटे पाचला पाणी येतं. अंथरुणातून उठून तसाच वाकलो, भरलेली कळशी उचलली आणि कमरेत चमक निघाली. उसण भरली म्हणून दोन दिवस शेकत बसलो. तिसऱ्या दिवशी कळ डाव्या मांडीच्या मागून पोटरीत उतरली, पायाच्या करंगळीला मुंग्या आल्या. शेजारी म्हणाले, "गादी सरकली." ते ऐकल्यापासून कूस बदलायचीही भीती वाटू लागली. आणखी सरकली तर?

फिजिओथेरपिस्ट बाईंनी कमरेला हात लावण्याआधी विचारलं, "काका, लघवीला नीट होते ना? बैठकीच्या जागी बधिरपणा?" यातलं काही बिघडलेलं असतं, तर त्यांनी मला तडक मोठ्या रुग्णालयात धाडलं असतं, कारण त्या भागाच्या नसांवर दाब आला की उशीर परवडत नाही. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. डावा चवडा जरा कमी पडला. उताणं निजवून गुडघा न वाकवता पाय उचलला. अर्ध्यावरच करंट लागल्यासारखी कळ गेली. "कमरेच्या शेवटच्या गादीजवळची नस दुखावलेली दिसते," त्या म्हणाल्या.

टेबलावरचा प्लास्टिकचा कणा त्यांनी माझ्या हाती दिला. "गादी सरकत नाही, काका. वरच्या-खालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते." अशा २३ गाद्या. प्रत्येकीचं कडं १५ ते २५ थरांचं. एका थराचे धागे एका बाजूला तिरके, पुढच्याचे उलट. आत पाणीदार मऊ गर. दिवसभराच्या भाराने त्यातलं थोडं पाणी बाहेर पडतं, रात्री आडवं झालं की परत शिरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो. पहाटे गादी टम्म असते, वाकताना कड्यावर ताण जास्त येतो. विरत आलेलं कडं चिरलं की गर बाहेर येऊन नसेला टेकतो. पायातल्या कळेचं हे मूळ बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिलं.

मग पालथं निजवलं. पाच मिनिटांनी कोपरांवर, नंतर तळहातांवर छाती उचलायची, कंबर खालीच. दर दहा वेळांनंतर एकच प्रश्न, "आता कुठे?"

"पोटरीत."

"आता?"

"मांडीत."

"आता?"

"फक्त कमरेत. पण तिथे वाढलंय."

बाईंचा चेहरा खुलला. कळ पायातून मागे फिरून कमरेत गोळा होणं ही चांगली खूण. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींना १९५६ मध्ये एका रुग्णाच्या पालथं निजण्यातून ती योगायोगाने दिसली. शेजारच्या खाटेवरच्या ताईंची कळ मात्र याच व्यायामाने खाली उतरू लागली. बाईंनी तत्क्षणी थांबवलं.

सहा आठवड्यांत माझी करंगळी जागी झाली. बाहेर आलेला गर बहुतेकदा शरीरच हळूहळू जिरवतं, तोवर झेपेल तेवढं चालत राहायचं असतं.

पाणी आजही पाचलाच येतं. पाइप लावून पिंप भरून ठेवतो. कळशी उचलतो ती तासाभराने, गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून. उचलताना आता भीती वाटत नाही.