बॉम्बे हाय : तेल आधी, नियम मागून

१९७३ च्या इंधन दरवाढीने देश पोळून निघाला होता. अशा वेळी फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या फलाटाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात, बॉम्बे हाय इथे तेल लागलं आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. दोन वर्षांत उत्पादन सुरू झालं, पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत वाहिन्या आल्या. तेल लागलं त्याच्या पुढच्याच महिन्यात संसदेने जलप्रदूषणाचा कायदाही केला होता. पण त्याची नजर नद्यांवर आणि फार तर किनाऱ्यालगतच्या पाण्यावर होती. इतक्या आत खोल समुद्रात काय सोडलं जातं, हे विचारणारा पर्यावरण संरक्षण कायदा यायला १९८६ उजाडलं.

मे १९९३ मध्ये वाहिनी फुटली. हजारो टन कच्चं तेल समुद्रात गेलं आणि मुरुडच्या किनाऱ्यापर्यंत त्याचा तवंग पोचला. १९९६ साली तटरक्षक दलाकडे सूत्रं देणारा तेलगळतीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला. त्याच वर्षी समुद्रात सोडायच्या सांडपाण्याचीही मर्यादा ठरली. विहिरीतून तेलाबरोबर पाणी येतंच, आणि विहीर जुनी होत जाते तसं ते वाढतं. ते वेगळं करून समुद्रात सोडताना लिटरमागे तेल ४० मिलिग्रॅमच्या आत हवं, शंभरमागे पाच नमुन्यांत ते चढलं तरी १०० च्या वर कधीच जाता कामा नये, असा तो नियम. मला तो मोलाचा वाटतो. वाहिनी फुटली की बातमी होते. या रोजच्या पाण्याची होत नाही.

२७ जुलै २००५ मात्र कोणी विसरू शकणार नाही. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडाली होती, हेलिकॉप्टरं जमिनीवर अडकली होती. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. उपचारासाठी त्याला क्रेनने बॉम्बे हायवरच्या, म्हणजे आताच्या मुंबई हायवरच्या, तेल काढण्याच्या एका फलाटावर चढवण्यात आलं. त्यानंतर जहाज लाटांनी फलाटाकडे ढकललं गेलं आणि तळातून वर येणाऱ्या वायुवाहिनीवर आदळलं. वायू पेटला. दोनेक तासांत मुंबई हाय नॉर्थचा तो फलाट कोसळला. २२ माणसं गेली, ३६२ वाचली. उधाणलेल्या समुद्रात इतक्यांना वाचवणाऱ्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण भरलेली वायुवाहिनी जहाजाच्या टप्प्यात उघडी कशी राहिली, हा प्रश्न त्याने मिटत नाही. सागरी तेलकामाच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले ते २००८ मध्ये, म्हणजे पहिलं तेल निघाल्यावर ३२ वर्षांनी.

ते अमलात आणण्याचं काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे दिलं गेलं. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाचं आणि तेल काढणारी सरकारी कंपनीही त्याच मंत्रालयाखाली. तिथल्या अधिकाऱ्यांच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. पण उत्पादनाचं उद्दिष्ट ठरवणाऱ्या घरातच तपासनीस बसवणं चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर डांबरगोळे येऊन पडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांची रासायनिक ओळख पटवली, तेव्हा काहींचं मूळ टँकरच्या धुतलेल्या टाक्यांत निघालं, तर काही बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले. म्हणजे माग काढता येतो. फलाटाभोवती ५०० मीटरच्या आत मच्छीमाराला जाळं टाकता येत नाही. ही बंदी त्याला पाळावी लागते. मग त्या हद्दीतून बाहेर येणाऱ्या पाण्याचे आकडे दर महिन्याला, मराठीत, उरण-मुरुडच्या मच्छीमार सोसायट्यांच्या फळ्यावर लागायला हवेत.