माशांआधी जिवाणू

मत्स्यालयाच्या दुकानात बोटभर लांबीचा, चंदेरी, एका जागी न ठरणारा मासा ‘शार्क’ म्हणून मिळतो. तो असतो पंगॅसियस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो, बहुधा तोच. पूर्ण वाढला की लांबी मीटरभराच्या पुढे. शेजारच्या टाकीतली लाल पोटाची ‘पिरान्हा’ची पिल्लं बऱ्याचदा पाकू असतात, म्हणजे मासळी बाजारातलं रूपचंद. घरी मोठी टाकी येणार म्हटलं की नेमके हेच मासे पुढे केले जातात.

मोठी म्हणजे किती? चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ 255 लिटर पाणी मावतं. तिच्यात पाच सेंटिमीटरचा ऑस्कर सोडला तर तो तीस सेंटिमीटरचा होतो. लांबी सहापट, पण वजन सुमारे 216 पट! त्याची घाण अगदी त्या पटीत वाढत नाही, तरी पिल्लू बघून घेतलेला फिल्टर तिच्यापुढे हात टेकतो.

ही घाण डोळ्यांना दिसतेच असं नाही. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिलं जाई. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे 1998 मध्ये दिसलं. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच!

म्हणून फिल्टर घेताना मोटरच्या जोरापेक्षा आत जिवाणूंना राहायला माध्यम किती मावतं ते बघावं. एवढ्या टाकीला कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्यातला फिल्टर) किंवा संप (फिल्टरसाठीची वेगळी टाकी) हवा. सिरॅमिक रिंग महाग वाटल्या तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्याकोऱ्या, साबण न लागलेल्या घासण्याही चालतात. जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग हवा, ब्रँड नव्हे. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. तोच स्पंज नळाखाली चोळून शुभ्र केला की क्लोरीन जिवाणूंचा फडशा पाडतं. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी सामू मोजावा. अमोनियाचा विषारी भाग सामू 7 वरून 8 वर गेला की जवळपास दहापट होतो. उकाडा त्यात भर घालतो. शिवाय हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. काही तास वीज गेली की बंद कॅनिस्टरमधलं पाणी नासायला लागतं. वीज आल्यावर ते ओतून टाकून मगच मोटर सुरू करावी. बॅटरीवरचा एअर पंप ही मला इथे चैन वाटत नाही.

माशांबद्दल माझं मत सरळ आहे: मोठ्या टाकीत लहान माशांचा मोठा थवा ठेवावा. रोझी बार्ब किंवा रेनबो असे डझनभर पोहू लागले की चार फुटांची लांबी सार्थकी लागते. एंजल हवे असतील तर उंची दीड फुटापेक्षा कमी नको, आणि त्यांच्यासोबत निऑन टेट्रा नको. वाढलेला एंजल ते गिळतो. मासेही एकदम न आणता थोडे थोडे आणावेत, म्हणजे जिवाणूंनाही वाढायला उसंत मिळते.

‘काच साफ करतो’ म्हणून फुकट दिला जाणारा सकर मात्र नाकारावा. तो हातभर वाढतो, शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो, आणि कंटाळून लोक त्याला तलावात सोडतात. उजनी धरणाच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हे काटेरी, हाडांच्या पट्ट्यांच्या चिलखतातले सकर येऊ लागले आहेत. त्यांना भाव नाही, आणि सोडवताना जाळी फाटतात ती वेगळीच.