गिझर घेताना दुरुस्तीचाही हिशेब धरा

थंडी पडली की सकाळी घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो, पाणी तापलं का? घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असेल तर गार पाण्यावर भागत नाही.

गेल्या थंडीत माझी लेक बाळंतपणाला आली होती. बाळ नऊ दिवसांचं, आणि गिझर बंद पडला. मिस्त्री म्हणाला, कॉइल गेली. गॅरंटीचं कार्ड शोधलं, सापडलं नाही. बिल तर घेतलंच नव्हतं. शेवटी मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. गिझर घेताना मी किंमत विचारली होती, पण बिघडला तर काय, हे विचारलं नव्हतं. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

आधी पाणी तापवायचे चार प्रकार पाहू.

पहिला आपला तांब्याचा बंब. बंबफोड, शेंगांची टरफलं, काहीही चालतं, विजेची गरज नाही. बिघाड म्हणजे तोटी गळते किंवा डाग सुटतो. पाणी न भरता बंब पेटवला तर डाग हमखास सुटतात. तांबटाकडून डाग देऊन घेतला की झालं. पण धूर छातीत जातो, म्हणून बंब उघड्यावरच पेटवा.

दुसरा विजेचा गिझर. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की 1 युनिट वीज जाते. बोअरचं पाणी जड असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो आणि एक दिवस कॉइल जळते. टाकीच्या आत बहुधा मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो, म्हणून टाकी टिकते. तो संपला आणि बदलला नाही, तर टाकी गंजून गळते. गळकी टाकी सहसा दुरुस्त होत नाही, नवा गिझरच घ्यावा लागतो. म्हणून वर्षातून एकदा क्षार काढून दांडा पाहून घ्या. आणि अर्थिंग नसेल तर गिझर लावूच नका.

तिसरा गॅसचा गिझर. पाणी लगेच तापतं. पण बंद न्हाणीत तो चालला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध होतं आणि जीवही जातो. असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून हा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. इथे दोन पैसे वाचवायला जाऊ नका.

चौथा सोलर. सुरुवातीला खर्च मोठा, पण ऊन फुकट. 100 लिटरचा सोलर चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. यात दोन तऱ्हा आहेत. एकीत काचेच्या नळ्या असतात, दुसरीत तांब्याच्या नळ्यांची सपाट पेटी असते. जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी तुंबतात, म्हणून तिथे काचेच्या नळ्या बऱ्या. माकडांनी किंवा गारांनी एखादी नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र टाकी रिकामी असताना भर दुपारी गार पाणी सोडू नका. तापलेली काच तडकते.

आता खर्चाकडे येऊ. दुरुस्तीचा भार हलका करायचे चार मार्ग आहेत.

गॅरंटी हा पहिला. कार्ड नीट वाचून घ्या. बहुतेक वेळा टाकीला जास्त वर्षं असतात आणि कॉइलला कमी. क्षारांमुळे झालेला बिघाड गॅरंटीत धरणार नाही, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. बिल आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, मोबाईलवर फोटोही काढा.

दुसरा, वार्षिक देखभालीचा करार. दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची. सही करण्याआधी विचारा, यात सुटे भाग धरले आहेत की नुसती मजुरी? मिस्त्री आपल्या गावापर्यंत येणार का? त्याचे येण्याचे वेगळे पैसे का? नुसत्या मजुरीचा करार असेल तर कॉइलचे पैसे आपल्यालाच भरावे लागतील.

तिसरा, घराचा विमा. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर यांनी घराचं आणि सामानाचं नुकसान झालं तर तिचा आधार मिळतो. पण वापरून झिजलेली कॉइल किंवा गंजलेली टाकी त्यात येत नाही. विमा आपत्तीसाठी असतो, झिजेसाठी नाही.

मग झिजेचं काय? त्यासाठी चौथा मार्ग आपल्या हातातला, गटाचा. समजा दहाजणींनी महिन्याला 30 रुपये वेगळे ठेवले. वर्षाला 3600 रुपये होतात. दहाही गिझर एकाच वर्षी बिघडत नाहीत. ज्या एक-दोघींचे बिघडतील, त्यांना त्यातून मदत करायची. विम्याचं तत्त्वही हेच, अनेकींचा थोडा पैसा, अडलेल्या एकीच्या कामी.

पण नियम आधी वहीत लिहा. एका दुरुस्तीला जास्तीत जास्त किती द्यायचे? बिल दाखवावं लागेल का? वर्षातून एकदा साफसफाई केली नसेल तर मदत द्यायची का? आणि हा पैसा बचतीच्या, कर्जाच्या पैशात मिसळू नका. पैसे उरले तर पुढच्या वर्षाला ओढा.

दुकानदार किंवा कंपनी गॅरंटी असूनही टाळाटाळ करत असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल हाताशी ठेवूनच फोन करा.

तर या आठवड्यात एवढंच करा. आपल्या गिझरचं, सोलरचं बिल आणि कार्ड शोधून काढा. गटाच्या पुढच्या बैठकीला ते सोबत न्या आणि कुणाची गॅरंटी कधी संपते ते वहीत मांडा. माझं कार्ड हरवलं, तुमचं हरवू देऊ नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.