कुंपण ओलांडणारी लहर : शालेय वायफायचे दोन प्रयोग

1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. शाळेतील वायफाय याच गुणावर चालते. लहर भिंत ओलांडते म्हणून शेजारच्या वर्गात पाठ दिसतो. परंतु ती कुंपणही ओलांडते, म्हणून तिचे रक्षण करावे लागते. ही दोन्ही तत्त्वे विद्यार्थ्यांना प्रयोगाने पटवून द्यावीत.

प्रयोग पहिला : वेग. राउटर चोरीस जाऊ नये म्हणून पुष्कळ ठिकाणी तो लोखंडी कपाटात ठेवितात. तो प्रथम उंच, मोकळ्या जागी ठेवावा व वीस पावलांवरून मोबाइलवर एक ठरावीक चित्रफीत उतरवून घेण्यास लागणारे सेकंद मोजावेत. मग राउटर कपाटात ठेवून दार लोटून घ्यावे व पुन्हा मोजावे. शेवटी तो बाहेर काढून मध्ये मुलांची दाट रांग उभी करावी. इंटरनेटचा वेग मुळातच कमीजास्त होत असल्याने प्रत्येक मापन तीनदा करून सरासरी काढावी. धातू लहर परतवितो, शरीरातील पाणी ती शोषून घेते. तक्त्यातील आकड्यांचा अर्थ मुलांनीच लावावा.

प्रयोग दुसरा : कुलूप. हे गणित फळ्यावर करावयाचे आहे. आठ अंकी पासवर्ड 10 कोटी होऊ शकतात. चोराने जोडणीच्या वेळचे संदेश टिपून ठेवले, तर त्याचा संगणक सेकंदाला एक लाख पासवर्ड पडताळू शकतो असे धरावे. 1,000 सेकंदांत, म्हणजे सुमारे 17 मिनिटांत, सर्व संपतात. मुख्याध्यापकांचा मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून ठेविला, तर 6 ते 9 ने सुरू होणारे 400 कोटी क्रमांक 40,000 सेकंदांत, सुमारे 11 तासांत, संपतात. शिवाय तो गावास ठाऊक असतोच! उलट, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बारा इंग्रजी अक्षरांस याच वेगाने सुमारे 30,000 वर्षे लागतील.

जुने डब्ल्यू.ई.पी. कुलूप 2001 सालीच निकामी ठरले, राउटरवर डब्ल्यू.पी.ए.-2 अथवा 3 निवडावे. प्रयोग केवळ शाळेच्याच जाळ्यावर करावेत. दुसऱ्याच्या जाळ्यात परवानगीवाचून शिरणे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये अपराध आहे, हे मुलांस प्रारंभीच सांगावे. मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक याच जाळ्यातून जातात. हजेरीपट ज्या काळजीने कुलूपबंद ठेवितात, तीच काळजी येथेही घ्यावी.