रात्रीची मुंबई, छत्तीस फोटो आणि लिटरभर पाणी

हा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचून घ्या. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलेत.

मी मूळचा शिरूर अनंतपाळचा, लातूर जिल्हा. बी.टेक. केलं आणि आता मुंबईत कोड लिहितो. महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी शेवटच्या लोकलने दादरला उतरतो आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने परत जातो. गळ्यात एक जुना फिल्म कॅमेरा असतो आणि त्यात ब्लॅक अँड व्हाईटचा एकच रोल. छत्तीस फोटो, बस्स.

मित्र विचारतात, "अरे, खिशातल्या फोनमध्ये नाईट मोड आहे की! हा उपद्व्याप कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आधी त्याचंच उत्तर देतो.

फोन रात्री एक फोटो काढत नाही. तो पटापट बरेच फोटो काढतो, एकमेकांवर बसवतो आणि सरासरी काढतो. सोळा फोटोंची सरासरी काढली की नॉईज साधारण चौपट कमी होतो, हे साधं गणित. फिल्मला ही सोय नाही. एका फ्रेमवर एकदाच उजेड पडतो. त्यामुळे तो किती पडणार, हे बटण दाबायच्या आधी तुम्हालाच ठरवावं लागतं.

आणि रात्री उजेड किती कमी असतो, याचा आपल्याला अंदाजच नसतो. आपले डोळे सांभाळून घेतात ना! भर उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/१६ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. रात्री दिवे असलेल्या रस्त्यावर त्याच फिल्मला एफ/२ आणि सेकंदाचा तिसावा भाग लागतो. मोजलं तर दहा स्टॉपचा फरक. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४. दुपारच्या हजारावा हिस्सा!

तिसाव्या भागात चालणारा माणूस हलतो, आपला हातही हलतो. म्हणून 'पुश' करायचं. ४०० ची फिल्म १६०० ची आहे असं समजून फोटो काढायचे आणि धुताना ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. मी इलफर्डची एचपी५ प्लस वापरतो. आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न घालता वापरला, तर २० अंश सेल्सिअसला ४०० साठी साडेसात मिनिटं लागतात आणि १६०० साठी १४. तेवढ्यात सेकंदाचा सव्वाशेवा भाग हाताशी येतो.

आता इथे मी कसा फसलो ते ऐका.

दादरचा फुलबाजार पहाटेच्या आधीच जागा होतो. झेंडूची पोती उतरत असतात, वर उघडे बल्ब, खाली ओला रस्ता. एक मामा पाठीवरचं पोतं टेकवून उभे होते. मी कॅमेरा वर केला, तसं त्यांनी विचारलं, "काय करायलास रं?"

मंडळी, ते 'करायलास' ऐकलं आणि मी चाटच पडलो. मुंबईत असं कुणी बोलत नाही, हे आपल्याकडचं बोलणं. विचारलं तर मामा निलंग्याकडचे निघाले. पाच मिनिटं पाऊस, सोयाबीन, एसटी असं सगळं झालं. मग म्हणाले, "काढ की फोटू. पर मला दे बरं का एक. पोरीला पाठवतो."

मी मीटर लावला, फोटो काढला, "देतो मामा" म्हणालो आणि आलो.

घरी फिल्म धुतली. बल्ब एकदम झकास, पोत्यावरचा झेंडूही दिसतोय. पण मामांचा चेहरा? निगेटिव्हवर ती जागा काचेसारखी कोरी. मी मीटर बल्बाकडे धरून वाचला होता. कॅमेऱ्याला वाटलं भरपूर उजेड आहे आणि चेहऱ्यावरचा जो थोडासा उजेड होता, तो फिल्मपर्यंत पोचलाच नाही.

पुश करण्याबद्दलचा मोठा गैरसमज इथेच आहे. जास्त वेळ धुतलं की अंधारातलं दिसायला लागतं, असं वाटतं. तसं होत नाही. जिथे थोडाफार उजेड पोचलाय, तोच भाग जास्त गडद उमटतो. जिथे पोचलाच नाही, तिथे चौदा काय, चाळीस मिनिटं ठेवलं तरी काही येत नाही. डेटाबेसमध्ये नोंदच नाही, तर क्वेरी कितीही भारी लिहा!

म्हणून नियम एक: मीटर बल्बाचा नाही, चेहऱ्याचा वाचायचा. बल्ब पांढराफट्ट झाला तर होऊ दे.

नियम दोन: फोकस आधीच लावून ठेवायचा. ५० मिमीची लेन्स, एफ/२ आणि तीन मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटरचा, म्हणजे हातभर. अंधारात रिंग फिरवत बसलात तर माणूस निघून जातो.

नियम तीन: फुटपाथवर झोपलेल्यांचा फोटो काढायचा नाही. तो माझा नियम आहे. झोपलेला माणूस "काय करायलास रं" असं विचारू शकत नाही.

आता पाण्याचं. फिल्म धुवायला नळ सोडून ठेवायचा, असं बरेच व्हिडिओ सांगतात. माझ्याच्याने ते होत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते दिवस आमच्या घरातल्या कुणी विसरलेलं नाही. इलफर्डचीच एक पद्धत आहे: हार्डनर नसलेला फिक्सर वापरायचा, मग टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटीपालटी करायची आणि ओतायचं. नवीन पाणी भरून दहा वेळा, परत नवीन भरून वीस वेळा. एका रोलच्या टाकीत साधारण ३०० मिली बसतं, म्हणजे लिटरभराच्या आत काम झालं. मुंबईतलं पाणी २० अंशांपेक्षा गरम असतं, म्हणून डेव्हलपरची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवतो. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरते, तो गटारात ओतू नका, साठवून ठेवा.

मामांचं काय झालं? दोन शुक्रवार गेलो, भेटले नाहीत. दसऱ्याच्या आदल्या रात्री भेटले, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खरं सांगितलं, "मामा, फोटो बिघडला, चूक माझी." ते हसले, पोतं खाली ठेवलं आणि परत उभे राहिले. या वेळी मीटर त्यांच्या गालाजवळ धरला. एफ/२, सेकंदाचा साठावा भाग. एकच फ्रेम.

पुढच्या महिन्यात प्रिंट दिली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अंधार लई हाय की यात." मी म्हणालो, "हाव मामा, रात्रच होती." त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली. दिवाळीला गावाकडं जाताना नेणार होते.

तुमच्याकडे फिल्म कॅमेरा नसेल तर विकत घ्यायची घाई करू नका. फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० आणि सेकंदाचा साठावा भाग लावा. एका रात्रीत फक्त छत्तीस फोटो काढा आणि घरी येईपर्यंत एकही बघू नका. कुणाला फोटो द्यायचं कबूल केलंत, तर तेवढा मात्र नक्की पोचवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!